‘टर्बो गेलाय’ असे सांगून घेतलेले ८५ हजार

साताऱ्यातील एका गॅरेजने टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बदलल्याचे सांगून माझ्याकडून ८५ हजार रुपये घेतले. प्रत्यक्षात टर्बो बदललाच नव्हता. टर्बो पेट्रोल गाड्या वापरणाऱ्यांना अशी फसवणूक ओळखता यावी, म्हणून तपशील देत आहे.

माझी गाडी १.८ लिटर इंजिनाची आहे. यवतेश्वरचा घाट चढताना तिचा पिकअप एकाएकी गेला आणि इंजिनाचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला. हव्या तितक्या दाबाचा बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, मिळत नाही, एवढेच तो सांगतो. त्यामागे निसटलेला होस (हवेचा पाइप), उघडे अडकलेले वेस्टगेट (बूस्ट आवरण्यासाठी इंजिनाचा धूर टर्बोला वळसा देऊन सोडणारी झडप), बिघडलेला सोलेनॉइड (बूस्ट नियंत्रित करणारी विजेवरची झडप), फाटलेला डायव्हर्टर व्हॉल्व्ह (जादा दाबलेली हवा मागे वळवणारी झडप) किंवा खरोखरच निकामी झालेला टर्बो, यांपैकी काहीही असू शकते. गॅरेजमालकाने यातले काहीच तपासले नाही. गाडी जागेवर चालू ठेवून त्याने स्कॅनरवरचा सुमारे ९३० मिलीबारचा आकडा दाखवला आणि म्हणाला, “साहेब, हजारसुद्धा येत नाही, टर्बो गेलाय.” वस्तुतः तो आकडा साताऱ्याच्या उंचीवरील साध्या हवेच्या दाबाचा होता, इंजिन आयडलवर असताना निरोगी टर्बोही तेवढाच दाखवतो. त्यानंतर त्याने टर्बोचा शाफ्ट बोटाने आडवा हलवून दाखवला. तेलाच्या थरावर फिरणाऱ्या शाफ्टला आडवा थोडा खेळ असतोच. चिंता करायची ती शाफ्ट पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर, आणि त्याबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही.

गाडी ताब्यात देताना त्याने पाती मोडलेला एक ‘जुना टर्बो’ माझ्यासमोर ठेवला, त्याचे मी फोटो काढून घेतले. पिकअप बऱ्यापैकी सुधारला होता. काही आठवड्यांनी तोच कोड पुन्हा आला, तेव्हा गॅरेजमालकाने पेट्रोलला दोष दिला. त्यामुळे मी गाडी कोल्हापूरच्या एका जाणत्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी स्मोक टेस्ट केली, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधली, डायव्हर्टर व्हॉल्व्हचे तीन बोल्ट काढले आणि त्यातील रबरी पडदा माझ्या हातात दिला. त्याला नखाएवढी चीर होती आणि दाबलेली हवा तिथूनच मागे फिरत होती. काही हजारांचा तो व्हॉल्व्ह बदलून चाचणी घेतली, तर आता उलटाच कोड आला, पी ०२३४, म्हणजे बूस्ट प्रमाणाबाहेर. त्यावरून त्यांनी वेस्टगेट उघडणारा रॉड पाहिला. नटावरची कारखान्याची रंगाची खूण तुटलेली होती आणि आटे आवळून रॉड आखूड केलेला होता. असे केले की वेस्टगेट उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो, म्हणून गळती तशीच असतानाही मला गाडी सुधारल्यासारखी वाटली होती. त्यांनी हातपंपाने दाब देऊन रॉड योग्य दाबाला हलू लागेल इतका पुन्हा सैल केला. टर्बोचे बोल्ट मात्र वर्षानुवर्षांच्या गंजाने माखलेले होते, त्यांवर पान्याचा ओरखडाही नव्हता.

खरी गंमत फोटोंत होती. त्या ‘जुन्या टर्बो’त पात्यांभोवती हलत्या पट्ट्यांचे कडे होते आणि वेस्टगेटची झडप नव्हती. ही रचना डिझेल गाड्यांत सर्रास असते. माझ्या गाडीला वेस्टगेट आहे, त्यामुळे तो टर्बो तिचा असणे शक्यच नव्हते. टर्बो बदलायला सांगणाऱ्याकडून नव्या नगाचा भाग क्रमांक आणि जीएसटी बिल आधीच मागावे, आणि जुन्या टर्बोच्या पट्टीवरील क्रमांकाचा फोटो तो गाडीतून निघण्यापूर्वीच घ्यावा. मला मिळालेली पावती जाड कागदावर हाताने लिहिलेली होती, तिच्यावर फक्त ‘टर्बो काम’ असा उल्लेख आहे.

पैसे परत मागितल्यावर गॅरेजमालकाने “काम झाले, विषय संपला” असे सांगितले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी आता सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तेथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पडदा, फोटो, दोन्ही कोडांच्या छापील प्रती आणि कोल्हापूरच्या मेकॅनिकचा सहीचा अहवाल अर्जासोबत जोडला आहे.