एसी दुरुस्ती शिकायची : दोन वर्षे आयटीआय की सहा महिन्यांचा खासगी कोर्स?

दहावी झालेल्या माझ्या भाच्यापुढे हा पेच आहे. 'शंभर टक्के प्लेसमेंट'च्या जाहिराती बाजूला ठेवून कर्ज आणि कमाई एवढेच पाहू.

शासकीय आयटीआयमधील रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा ट्रेड दोन वर्षांचा असून शुल्क इतके कमी असते की कर्जाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही; मात्र तेवढा काळ घरात पगार येत नाही. खासगी कोर्सनंतर वर्ष-दीड वर्ष आधी कमाई सुरू होऊ शकते, पण समजा 60 हजार रुपये 14 टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे 2,880 रुपयांचा हप्ता बसतो. एसीची कामे मार्च ते जूनमध्ये उसंत देत नाहीत आणि पावसाळ्यात रोडावतात. हप्ता मात्र जुलैतही तेवढाच असतो.

शिकवणीबाबत मी जाहिरातीपेक्षा कार्यशाळा पाहीन: तांब्याच्या नळीचे ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधा जोडणे) विद्यार्थी स्वतः करतो का, गॅस भरण्यापूर्वी नळीतील हवा आणि ओलावा काढणारा व्हॅक्यूम पंप लावला जातो का, एसीत भरला जाणारा आर-32 गॅस ज्वलनशील असल्याची खबरदारी शिकवतात का. (जुनी यंत्रे ही काही आयटीआयंचीही दुखरी बाजू आहे.)

रेल्वेसारखी सरकारी भरती किंवा विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप हवी असेल, तर आयटीआयच घ्यावा. खासगी कोर्स शोभतो तो आधीच वायरमनचे काम करणाऱ्याला, आणि तोही शुल्क बचतीतून भरता येत असेल तरच.