छोट्या क्लबातली ट्रायल नाईट: स्टँड-अप बघायचं तर इथे बघा

स्टँड-अप आवडत असेल आणि आत्तापर्यंत फक्त फोनवर स्पेशल, म्हणजे एकाच कॉमेडियनचे रेकॉर्ड केलेले पूर्ण शो, बघितले असतील, किंवा एखाद्या मोठ्या नावाचा मोठ्या हॉलमधला शो बघितला असेल, तर माझं ऐका आणि एकदा छोट्या क्लबातली ट्रायल नाईट बघा. ट्रायल म्हणजे कॉमेडियन लोक नवीन मटेरियल तपासून बघायला येतात ती रात्र. पाच-सात जणांची लाइनअप असते, मध्ये एक होस्ट, प्रत्येकाला थोडाथोडा वेळ. नावं बहुतेक अनोळखी, काही जोक पडतात, एखाद्याचा तर अख्खा सेटच, म्हणजे स्टेजवरची पूर्ण पाळीच, पडतो, आणि तरी मी या प्रकाराला पाचपैकी साडेचार स्टार देते. अर्धा का कापला ते पुढे सांगते.

आधी खोलीबद्दल, कारण तिकिटाचा अर्धा मोबदला तिथेच वसूल होतो. चांगल्या क्लबात छत खाली असतं, खुर्च्या चिकटून लावलेल्या असतात, प्रेक्षकांवर अंधार आणि उजेड फक्त माइकवर. बसायला अडचण होते हे खरं, पण हसणं एकमेकांना लागतं आणि त्यासाठी माणसं जवळ बसलेली लागतात. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोकांना आपापल्या हसण्याची नोंद ठेवायला लावली होती, तर टीव्ही, पुस्तक असं काही समोर नसताना माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत तब्बल ३० पट जास्त हसतो असं निघालं. आणि त्याने लोकांच्या गप्पा ऐकून जे टिपलं त्यात बहुतेक हसणं जोकवर नव्हतंच, अगदी साध्या बोलण्यावर होतं. म्हणजे माणसं हसायला तयारच असतात, कॉमेडियनला फक्त ते सगळं एका क्षणावर आणायचं असतं.

पुढे २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सोफी स्कॉट यांच्या टीमने मुद्दाम पांचट जोक घेतले आणि त्यांच्या मागे लोकांचं हसणं जोडून ऐकवलं. तेच जोक लोकांना जास्त मजेशीर वाटले, आणि हसणं खरं, आतून आलेलं असेल तर ओढूनताणून काढलेल्या हसण्यापेक्षा जास्त फरक पडला. टीव्हीवाल्यांना हे आधीपासून माहीत होतं, १९५० च्या दशकात चार्ली डग्लस या साउंड इंजिनिअरने रेकॉर्ड केलेल्या हशांचं एक मशीनच बनवलं होतं, बटण दाबलं की हशा. पण छोट्या खोलीत शेजारचा अनोळखी माणूस खुर्चीवरून पुढे वाकून हसतो तेव्हा आपल्याला जे होतं ते कुठल्याही बटणाने होत नाही. मोठ्या हॉलमध्ये तर हशा मागच्या रांगांमधून उशिरा येतो, कॉमेडियनला थांबून वाट बघावी लागते, आणि आपण बराच वेळ माणसाकडे न बघता स्क्रीनकडे बघत असतो.

आता मटेरियल. ट्रायलला जाण्याचं माझं खरं कारण हेच की इथे जोक तयार होताना दिसतो. एकाच कॉमेडियनचा एकच जोक मी वेगवेगळ्या रात्री ऐकलाय आणि तो कसा बदलत गेला ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा साधारण असा होता: डॉक्टरांनी बाबांना पावलं मोजणारं घड्याळ वापरायला सांगितलं, रोज दहा हजार पावलं पाहिजेत, तर बाबांनी काय केलं, ते घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलं, मग कुत्रा दिवसभर पळायचा आणि डॉक्टरांना वाटायचं बाबाच चालतायत. लोक हसले, पण आपण ‘हो का, छान’ म्हणतो तेवढंच.

नंतरच्या एका रात्री तोच जोक असा आला. सुरुवातीला घरात कोण कोण आहे ते सांगताना त्याने कुत्र्याचं नाव ओझरतं घेतलं आणि विषय सोडून दिला. मग दुसरंच काहीतरी बोलून झाल्यावर म्हणाला, ‘डॉक्टरांनी बाबांना पावलं मोजणारं घड्याळ दिलंय. रोज दहा हजार पावलं. एक दिवस चुकला नाही. डॉक्टर खूश. आई खूश. बाबा तर सोफ्यावरून उठतच नाहीत इतके खूश. दमलाय फक्त कुत्रा.’

खोली अक्षरशः फुटली. घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलं हे वाक्य त्याने काढूनच टाकलं होतं आणि ते चित्र प्रत्येकाने आपापल्या डोक्यात स्वतः काढलं. शब्दांची जागा पण बघा, मध्ये एकदा त्याने ‘फक्त कुत्रा दमलाय’ असं म्हणून बघितलं होतं तेव्हा ‘कुत्रा’ ऐकूनच लोक हसायला लागले आणि ‘दमलाय’ त्या हशात बुडालं, म्हणून कुत्रा शेवटी गेला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे पंचचा, म्हणजे हशा आणणारा, शब्द शेवटी आणायचा तर वाक्य उलटं फिरवावं लागतं, आणि चांगले मराठी कॉमेडियन हे इतक्या सहज करतात की आपल्या लक्षातही येत नाही. मग हशा ओसरायच्या आत टॅग, म्हणजे त्याच जोकला जोडलेली आणखी एक ओळ: ‘शुगर पण नॉर्मल आली त्याची.’ आणि सेटच्या शेवटी लिफ्ट बंद पडल्याचा एक वेगळाच किस्सा चालू असताना, आठ मजले चढून धापा टाकत दारात उभा राहिल्याचा अभिनय करत त्याने एक हात गळ्यावर नेला आणि काहीतरी बांधलंय का ते चाचपून बघितलं. एक शब्द बोलला नाही. मी त्यानंतर दोन मिनिटं पुढचं काही ऐकलंच नाही.

स्टँड-अप कशामुळे चालतं यावर माझं मत या जोकमुळे पक्कं झालं. कॉमेडियन एक पायरी काढून घेतो आणि ती उडी आपण मारतो, हसू त्या उडीचं असतं. पायरी काढलीच नाही तर नुसता किस्सा होतो, दोन-तीन काढल्या तर लोक एकमेकांकडे बघत बसतात. नेमकी कुठली पायरी काढायची हे घरी बसून कळत नाही, कितीही हुशार असलात तरी, ते अनोळखी लोकांसमोरच कळतं, म्हणून ट्रायल लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये लिहून ठेवलंय की ताणलेली अपेक्षा अचानक शून्य झाली की हसू येतं. मला त्यातलं ताणलेली हे पटतं पण शून्य पटत नाही. कुत्र्याच्या जोकमध्ये शेवटी हातात काहीतरी लागतं, एक अख्खं घर दिसतं, फसवणारे बाबा, भोळे डॉक्टर आणि बिचारा कुत्रा.

या बाबतीत अमेरिकन कॉमेडियन बॉब न्यूहार्टचं उदाहरण मला फार आवडतं. हा माणूस स्टेजवर फोनवर बोलल्याचा अभिनय करायचा, आपल्याला फक्त एकच बाजू ऐकू यायची. समोरचा काय म्हणाला ते न्यूहार्टच्या चेहऱ्यावरून, त्या थांबण्यावरून आणि पुढच्या ‘अच्छा... अच्छा...’ वरून आपण लावायचं. म्हणजे अर्धा संवाद प्रेक्षकच लिहायचे! त्याचा १९६० चा अल्बम क्लबात खऱ्या प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड झाला होता आणि १९६१ मध्ये त्याला ग्रॅमीचं अल्बम ऑफ द इयर मिळालं, गाण्यांचे अल्बम मागे टाकून. आजही ऐकलं तरी ते थांबे तसेच काम करतात.

आता कापलेला अर्धा स्टार. तो आहे वाईट क्राउडवर्कसाठी, म्हणजे प्रेक्षकांशी बोलून गंमत करण्याच्या प्रकारासाठी. काही होस्ट आणि काही नवीन मुलं स्वतःचे जोक पडायला लागले की पहिल्या रांगेतल्या माणसाचे कपडे, पोट, केस, सोबत कोण बसलंय यावर घसरतात. एका क्लबात मी बघितलंय, एक बाई एकटी आली होती, होस्ट तिच्यावर इतका वेळ अडून बसला की हशे चालू होते पण खोली आखडून गेली होती, लोक सुटलो आपण म्हणून हसत होते, आणि त्यानंतर जो बिचारा पहिला कॉमेडियन आला त्याला ती खोली पुन्हा सैल करायला अख्खा सेट घालवावा लागला. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोन संशोधकांनी २०१० मध्ये हसू कशाने येतं याचं एक साधं सूत्र मांडलं, काहीतरी बिनसलेलं हवं पण त्याच क्षणी ते निरुपद्रवी पण वाटायला हवं, दोन्ही एकदम. त्या बाईच्या प्रसंगात बिनसलेलं होतं, निरुपद्रवी काहीच नव्हतं. चांगलं क्राउडवर्क करणारे लोक समोरच्याला विचारतात, त्याचं उत्तर नीट ऐकतात आणि गंमत शक्यतो स्वतःवर घेतात, त्यात तो प्रेक्षक पण सगळ्यात मोठ्याने हसत असतो. क्लबवाल्यांनी होस्ट निवडताना एवढं बघावं, लाइनअपपेक्षा होस्ट महत्त्वाचा आहे.

बाकी किरकोळ तक्रारी म्हणजे उशिरा आलेल्यांना सेट चालू असताना पुढे नेऊन बसवणं, आणि एसीचा आवाज.

आणखी एक गोष्ट मी हल्ली बघायला लागलेय, आज ऐकलेला कुठला जोक टिकेल. बातम्यांवरचे जोक त्या रात्री सगळ्यात जोरात चालतात, कारण तो संदर्भ सगळ्यांच्या डोक्यात ताजा असतो, पण बातमी शिळी झाली की उडी मारायला खाली जमीनच उरत नाही. मॉर्ट साल हा अमेरिकन कॉमेडियन १९५३ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या हंग्री आय क्लबात गुंडाळलेलं वर्तमानपत्र हातात घेऊन उभा राहायचा, त्या माणसाने स्टँड-अपची बोलण्याची ढबच बदलली, पण त्याचे त्या वेळचे बरेच जोक आज समजून घ्यायला आधी इतिहास वाचावा लागतो.

उलट हा बघा. बडबड्या न्हाव्याने विचारलं, केस कसे कापू? गिऱ्हाईक म्हणालं, गप्प राहून. हा फिलोगेलोस नावाच्या ग्रीक विनोदसंग्रहात आहे, चौथ्या-पाचव्या शतकातला संग्रह, त्यात २६५ च्या आसपास जोक आहेत. दीड हजार वर्षं झाली आणि एक शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक वैतागलंय हे कुठेही म्हटलेलं नाही, ते आपण भरतो, आणि अतिबोलकी माणसं कुठल्याही काळात भेटतात. जोक टिकतो तो असा, छोटा असतो म्हणून तोंडी लक्षात राहतो, आणि त्यातली रिकामी जागा अशा गोष्टीची असते जी सगळ्यांकडे आहे. नावगाव, पोशाख, धंदा बदलला तरी चालतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांच्या २००१-०२ च्या ऑनलाइन प्रयोगात ४० हजार जोक जमा झाले आणि जगभरातल्या लोकांनी त्यांना मार्क दिले. जिंकला तो दोन शिकाऱ्यांचा जोक. एक जण जंगलात कोसळतो, दुसरा घाबरून इमर्जन्सीला फोन करतो, मित्र मेलाय वाटतं, काय करू? तिकडून उत्तर येतं, शांत व्हा, आधी तो मेलाय याची खात्री करून घ्या. शांतता. गोळीचा आवाज. मग फोनवर, ‘हां, झालं. आता पुढे?’ नंतर कळलं की याचं मूळ ब्रिटनमधल्या स्पाइक मिलिगन या विनोदी लेखकाने १९५१ मध्ये लिहिलेल्या एका प्रहसनात आहे, आणि तिथे ना जंगल ना शिकारी, घरात कार्पेटवर पडलेला माणूस आहे. मधल्या ५० वर्षांत लोकांनी सांगता सांगता अख्खा सेटअप बदलला पण ती एक जागा सोडली नाही, गोळी कोणी कोणावर झाडली ते आपण लावायचं. अमेरिकन कॉमेडियन फिलिस डिलर यांचं कार्डांचं कपाट आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे, त्यात ५० हजारांहून जास्त जोक टाइप करून विषयवार लावलेत. म्युझियममध्ये कपाट ठेवता येतं, पण जोक जिवंत राहतो तो कोणीतरी तो पुन्हा तिसऱ्याला सांगतो तेव्हाच, मग भले त्यात मूळ लेखकाचं नाव हरवलं तरी.

रेकॉर्डेड स्पेशलला मी नावं ठेवत नाही, मी पण बघते. घासूनपुसून चकचकीत झालेलं मटेरियल तिथे मिळतं आणि घरापासून लांब कुठे क्लब नसेल तर तोच आधार आहे. फक्त शक्य असेल तर दोघा-तिघांनी मिळून बघा, फोन हातात घेऊन नाही तर टीव्हीवर, आणि तुकड्यांच्या रील बघून मत बनवू नका. रीलमध्ये फक्त पंच कापून ठेवलेला असतो, कुत्र्याचं नाव वीस मिनिटं आधी कधी घेतलं होतं ते त्यात येत नाही, मग कॉलबॅक, म्हणजे आधीच्या गोष्टीची नंतर पुन्हा करून दिलेली आठवण, कसला लागणार.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: वेळेच्या आधी पोचा, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मधोमध बसा, तिथून चेहरा पण नीट दिसतो आणि आजूबाजूचं हसणं पण मिळतं. अगदी मागे भिंतीला टेकून बसलात तर शो बाहेरून बघितल्यासारखा होतो. फोन बंद ठेवा आणि काही रेकॉर्ड करू नका, ते मटेरियल अजून कच्चं आहे आणि कॉमेडियनच्या पोटापाण्याचं आहे. जोक पडला तर कुजबुज करू नका, दोन सेकंद त्याच्याकडे बघत रहा, बऱ्याचदा खरी गंमत तो त्यातून बाहेर कसा पडतो त्यात असते. आणि एखाद्याचा सेट आवडला तर त्याच्या पुढच्या ट्रायलला परत जा, तोच जोक तेव्हा कुठे पोचलाय ते बघायला.