बिनपाऱ्याचं तयार हॅरिस हिमॅटॉक्सिलीन: आठ महिन्यांनंतर

रोजच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलीन-इओसिन) स्टेनिंगसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या ऊतींच्या पातळ कापांना रंग द्यायला, न्यूक्लियस (पेशीकेंद्रक) रंगवणारं हेच तयार द्रावण आठ महिने वापरात आहे. स्वतः बनवायचं तर लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम तुरटी तापवून विरघळवा, 50 मिली अल्कोहोलमधलं 5 ग्रॅम हिमॅटॉक्सिलीन घाला, आणि जुन्या पद्धतीने पिकवायला (ऑक्सिडाइझ करून रंग तयार करायला) 2.5 ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइड. हा पारा टाकायचा कुठे? तयार बाटलीत ते काम सोडियम आयोडेट करतं, एवढ्यासाठीच ती घ्यावी.

3-4 मायक्रॉनच्या सेक्शनला (ऊतीच्या कापाला) ताज्या जारमध्ये 5 मिनिटं पुरतात. न्यूक्लियसमधलं क्रोमॅटिन ठसठशीत, न्यूक्लियसची कड स्वच्छ. कॅल्शियम काढलेल्या हाडाला मात्र जास्त वेळ द्यावाच लागतो. कॅल्शियम काढताना आम्लात राहिलेले न्यूक्लियस रंग नीट धरत नाहीत.

खरी कटकट पापुद्र्याची. रात्रभर उभ्या जारवर सकाळी चकचकीत, धातूसारखी साय येते. न गाळता स्लाइडचा रॅक बुडवला की सेक्शनवर निळे-काळे ठिपके बसतात. फोकस जरा वर घेतल्यावर ठिपके स्पष्ट आणि न्यूक्लियस धूसर झाले, तर तो ऊतीतला पिगमेंट (रंगकण) नाही, हिमॅटॉक्सिलीनचा साका आहे. रोज सकाळी फिल्टर पेपरमधून गाळायचं, याला पर्याय नाही.

न्यूक्लियस लालसर राहतात, अशी तक्रार आली की लोक बाटलीला दोष देतात. आधी पाणी बघा. हे स्टेन निळं पडतं ते अल्कधर्मी पाण्यात. बोअरचं जड पाणी ते काम सहसा पाच मिनिटांत करतं. आरओचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यात स्लाइड कितीही ठेवा, तांबूसच. तिथे लिटरला 20 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि 3.5 ग्रॅम खायचा सोडा घालून स्कॉटचं पाणी करा, मिनिटभर पुरतं. अमोनियाचं पाणीही चालतं, पण कडक झालं तर सेक्शन सुटून येतात. निळं करण्याआधी जादा रंग काढायला वापरायचं 1 टक्का आम्ल-अल्कोहोल दोन-तीन बुडव्यांपुरतंच. इथे घाई परवडते, रेंगाळणं नाही.

जार कधी बदलायचा? स्लाइड मोजण्यापेक्षा नळाच्या पाण्यात जारमधले दोन-चार थेंब टाकून बघा. लगेच निळं-जांभळं झालं तर ठीक. तपकिरी-लालसर राहिलं तर ओतून टाका. त्यात नवं मिसळून वेळ मारून नेऊ नका, पुढची सगळी बॅच फिकी येते. रॅक नीट निथळून घातला तर जार बराच टिकतो, कारण स्लाइडबरोबर आलेलं पाणीच त्याला पातळ करतं.

पुढची बाटली हीच घेणार, फक्त 500 मिलीची. मोठी बाटली उघडी राहून हवेने जास्त पिकते.