परदेशातून आलेल्या मुखत्यारपत्रावर घटस्फोट : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कुरिअरचं पाकीट फेकू नका. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे ठेवा.

नवरा दुबईत नोकरीला, मी इथे कोकणात, समुद्राकाठच्या गावात. साडेतीन वर्षं वेगळे राहत होतो. दागिने, पोटगी, सगळं लेखी मिटलं होतं, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज. त्याला रजा नव्हती आणि दोन्ही तारखांना विमानाने येण्याएवढे पैसे आम्हा दोघांकडेही नव्हते. म्हणून त्याने तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन वन्संच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीच्या, नावाने विशेष मुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने कोर्टात काम करायचा अधिकार देणारा कागद, करून कुरिअरने पाठवलं.

ते ९ जूनला आलं. आता माझा राग कशावर आहे ते सांगते. परदेशात केलेला असा कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. आमच्या वकिलांच्या कारकुनाने तो फायलीत लावला आणि विसरला. मी दर पंधरा दिवसांनी विचारायचे, ‘होतंय ताई, गणपती होऊन जाऊ देत’ एवढंच उत्तर. ऑगस्टच्या शेवटी मी स्वतः फाईल उघडली तर कागदावर मुद्रांकच नाही! पावसात एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात गेले. तिथला पहिला प्रश्न : कागद आला कधी, पुरावा काय? लाइटची बिलं ठेवायला म्हणून मी कुरिअरचं ते प्लॅस्टिकचं पाकीट जपलं होतं. त्यावरच्या चिठ्ठीवर तारीख होती. तीन महिने भरायला मोजके दिवस राहिले होते. ज्या कामाची फी आगाऊ घेतली, ते काम अशिलाने धावपळ करून का करावं? अजून डोकं तापतं.

मसुदाही नीट वाचा. नुसतं ‘अर्ज दाखल करणे’ नको. दुसऱ्या तारखेचं निवेदन, प्रतिज्ञापत्र, पुरशिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन), पहिल्या आणि दुसऱ्या वेळेमधली सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा अर्ज, सगळं नावानिशी लिहून घ्या. अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की ही मुदत कोर्ट माफ करू शकतं, आणि योग्य कारण असेल तर आईवडील किंवा भावंडांमार्फत हजर राहू देऊ शकतं, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगही चालतं. सगळं मिटलेलं आणि वेगळं राहून दीड वर्ष होऊन गेलेलं, म्हणून आम्हाला मुदत माफ झाली.

व्हिडिओची काही गरज नाही, असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. ते मागे घेते. पहिल्या तारखेला पुकारा झाला, वन्सं माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. भावाच्या नावापुढे ‘करिता’ लिहून त्यांचा हात थांबला. पेन कागदावर टेकलेलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी सही केली आणि माझ्याकडे न बघता पदर सावरला. एका माणसाच्या जिभेवर दुसऱ्याचं ‘हो’ ठेवणं सोपं नाही. शिवाय हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत संमती कायम असावी लागते, हे १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालापासून ठरलेलं आहे. म्हणून दुसऱ्या वेळी न्यायाधीश साहेबांनी त्यालाच पडद्यावर बोलावलं. इथे अकरा, तिकडे साडेनऊ. ‘कुणाचा दबाव?’ ‘नाही साहेब.’ आवाज ओळखीचा होता, आणि त्यानेच ते सांगितलं याचं मला बरं वाटलं. तेव्हा मुखत्यारपत्र कराच, पण व्हिडिओचा अर्जही सोबत जोडा.

जानेवारीत हुकूमनामा झाला. सही-शिक्क्याच्या नकला दोन मागा, एकीसाठी परत खेप घालावी लागते. त्याची नक्कल न्यायला वन्सं रविवारी येणार आहेत. जेवूनच जा म्हटलंय.