दहा महिने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ वापरल्यावर

आधी मी कोण ते सांगते, कारण ही सोय (सरकारनं भरलेल्या वर्गणीवर संशोधनाची जर्नल, म्हणजे नियतकालिकं, वाचायची) तुम्हाला लागू पडते का, ते त्यावरच ठरतं. गाव लातूर जिल्ह्यात, विषय भूगोल, पीएचडी बोअर आणि भूजलावर. नोंदणी विद्यापीठात, नोकरी एका संस्थेच्या अनुदानित कॉलेजात, तीही तासिका तत्त्वावर. प्राध्यापकीची पात्रता परीक्षा नेट निघाली, त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, जेआरएफ, थोडक्यात हुकली. त्यामुळे महिन्याचे ३७ हजार दुसऱ्यांच्या खात्यात जमा होतात, आपण नुसते अभिनंदनाचे मेसेज टाकायचे.

पहिली दोन वर्षं पेपर, म्हणजे छापून आलेले शोधनिबंध, मिळवणं हेच निम्मं संशोधन होतं. गाइड नाव सांगायचे, मी शोधायची, गोषवारा वाचायची आणि पुढं कुलूप. एका पेपरला तीस-चाळीस डॉलर. तेवढ्या पैशात माझी एसटी, अर्ध्या तिकिटात का होईना, महिनाभर चालते. मग कुठल्या तरी आयआयटीत शिकणाऱ्या मैत्रिणीच्या मैत्रिणीला मेसेज: ‘ताई, एवढं एक काढून देता का?’ ताई बिचाऱ्या द्यायच्या. पण पाचव्यांदा मागताना आपलीच बोटं अडखळतात.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल. आधी संस्था वेगवेगळ्या गटांतून नाहीतर आपापलं बघायच्या, आता सरकारच सगळ्यांसाठी एकदम वर्गणी भरतं आणि गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठीचं केंद्र, ते सांभाळतं. विद्यार्थ्याला एक पैसा पडत नाही.

पण ‘सगळ्यांसाठी’ म्हणजे केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. आपल्याकडं मात्र तालुक्यातालुक्यात जी कॉलेजं आहेत ती बहुतेक शिक्षणसंस्थांची. पगार शासनाचा, व्यवस्थापन संस्थेचं. माझं कॉलेज त्यातलंच. सोमवारी स्टाफरूममध्ये ‘हायड्रोजिऑलॉजी जर्नल’मधला एक पेपर उघडून बघितला, तर कुलूप. बुधवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात खिडकीशेजारच्या टेबलावर (प्लग तिथंच चालतो) तोच पेपर उघडला, अख्खा. बाई तीच, लॅपटॉप तोच. शिकवणारी म्हणून मी बाहेर, शिकणारी म्हणून आत.

दर वेळी विद्यापीठ गाठणं परवडत नाही, म्हणून घरून वापरायला इन्फेडचं, म्हणजे इन्फ्लिबनेटच्याच लॉगिन सोयीचं, खातं काढलं. ते ग्रंथालयातून मिळतं. माझे तीन हेलपाटे झाले, चूक माझीच. अर्जावर नेहमीचा जीमेल टाकला होता, त्यांना संस्थेचा ईमेल पाहिजे होता. एकदा खातं सुरू झालं की यादीतून आपलं विद्यापीठ निवडायचं, लॉगिन करायचं, पेपर उघडतो. गावाकडं रेंज गेली तर परत पहिल्यापासून, त्याला योजना काय करणार.

आता खरा फरक सांगते. पेपर मिळाले हा नव्हे. पेपर टाकून देता येऊ लागले, हा. आधी एवढ्या विनवण्या करून मिळवलेला पेपर कामाचा नसला तरी फेकवत नव्हता. कुठं तरी त्याचा संदर्भ ठोकून द्यायचाच, ताईंच्या उपकाराची परतफेड केल्यासारखा. माझ्या सिनॉप्सिसमधला, म्हणजे पीएचडीच्या आराखड्यातला, पूर्वसंशोधनाचा आढावा आज वाचला की हसू येतं. त्यात विषयाला लागणारं नव्हतं, हाताला लागलेलं होतं. आता एका पेपरच्या शेवटचे चाळीस संदर्भ घेऊन बसते, एकेक उघडते, पद्धतीचा भाग बघते, पटलं नाही की बंद. चाळिसातले सहा ठेवले तरी दिवस कारणी लागला. ठेवलेले झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते. त्यात फुकटात ३०० एमबीच जागा मिळते, म्हणून पीडीएफ पेनड्राइव्हवर. एक सावधगिरी: मिळालं म्हणून शेकड्यांनी उतरवू नका. प्रकाशकांना ते चालत नाही आणि अडचणीत येते आख्खी संस्था.

वाचायला मात्र कुणी शिकवत नाही. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती झाली, पण इंग्रजी पेपर कुठून धरायचा हे कुणी बोललं नाही. पहिल्या पेपरला मला चार दिवस लागले. आता आकृत्या आधी बघते, मग निष्कर्ष, मजकूर शेवटी.

अशाच एका रात्री बेसॉल्टचा उभा छेद बघत होते. लाव्हाच्या एका थरावर दुसरा, मधे तांबड्या मातीचा पट्टा. अण्णा मागं येऊन उभे. “काय बघू लालीस?” दाखवलं. ते म्हणाले, “ही तांबडी तर आपल्या तिसऱ्या बोअरला लागली होती की. पाणाड्याचा नारळ उभा राहिला होता तिथं.” तो बोअर सहाशे फुटांवर कोरडा गेला, हे दोघांनाही पाठ. थोडं थांबून अण्णांनी विचारलं, “एवढं वाचून पाणी लागंल का गं?” खडकात भेगा कुठं आहेत त्यावर आहे सगळं, असं मी सांगितलं. “मग पाणाड्या तरी वेगळं काय सांगतो?” म्हणत झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून गावातल्या अकरा बोअरची खोली आणि कुठं काय लागलं ते लिहून घेतलं. ते कुठल्याही जर्नलमध्ये नाही.

या योजनेकडून मागू नये असंही बरंच आहे. ती जर्नलांची आहे, पुस्तकांची नाही. प्रादेशिक असमतोलावरचा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची कागदपत्रं, हे मी आजही कपाटात आणि कार्यालयातच शोधते. आपल्या भागावर आधी कुणी काम केलंय का, यासाठी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन साठा, बरी. तिथं प्रबंध प्रकरणाप्रकरणानं वेगळ्या फायलींत असतात. मी थेट शेवटचं प्रकरण उघडते.

खातं नोंदणीला बांधलेलं आहे. व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झाला की मी विद्यापीठाची विद्यार्थिनी राहणार नाही, उरेन ती कॉलेजातली तासिकावाली. म्हणजे नावापुढं डॉक्टर लागेल त्याच सुमाराला परत ताईंना मेसेज. पीएचडीनंतरच्या पहिल्या पेपरची तयारी म्हणून आत्ताच साठ पेपरांची यादी केलीय आणि रोज रात्री दोन वाचून काढते. सध्या सतराव्यावर आहे.

माझ्यासारखे तासिकावाले असाल तर कॉलेजात विचारत बसू नका. नोंदणी जिथं आहे तिथल्या ग्रंथालयात जा, संस्थेचा ईमेल आधी काढून घ्या, ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स न्या. आणि सकाळी जा, दुपारी प्लगची जागा मिळत नाही.