राज्याभिषेक: रस्त्यावर की टीव्हीवर?

लंडनला शिकणारी भाची विचारत होती, "मामा, पुढे असा सोहळा झाला तर रस्त्यावर जाऊ की घरी बसूनच बघू?" ६ मे २०२३ ला ब्रिटनचे राजे चार्ल्स तिसरे यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी मी तिथेच, गर्दीत होतो.

दिसण्याच्या बाबतीत टीव्हीच सरस. मुख्य विधी वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या आत, सुमारे २,२०० निमंत्रितांपुढे झाला. मुकुट नीट बसलाय ना, हे आर्चबिशपनी, म्हणजे विधी करणाऱ्या मुख्य धर्मगुरूंनी, वाकून पाहिलं, ते घरच्यांना जवळून दिसलं. आम्हाला नाही. राजाला पवित्र तेल लावताना मात्र पडद्याचा आडोसा होता. तो क्षण दोघांनाही हुकला.

रस्त्याला तिकीट नव्हतं, पण कष्ट भरपूर. पावसात तासन्‌तास उभं राहायचं आणि आठ घोड्यांचा सोन्याचा रथ बघताबघता पुढे निघून जातो. तरी रथ वळला तेव्हा शेजारच्या भिजलेल्या आजींनी माझा हात घट्ट धरला, ते टीव्हीवर मिळालं नसतं. शिवाय ट्रॅफल्गार चौकात पिवळे फलक घेतलेले राजेशाहीविरोधकही होते. देशाचं मन एकसारखं नाही, हे रस्त्यावरच नीट कळतं. ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी लोकांनी सोहळा टीव्हीवर पाहिला. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या अंत्यसंस्काराला प्रेक्षक याहून जास्त होते.

विधी समजून घ्यायचा असेल, घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर टीव्ही. माणसं बघायची असतील, पायांत बळ असेल, तर रस्ता. मुळात राजेशाहीबद्दल काही वाटतच नसेल तर दोन्ही सोड आणि सुट्टी मनासारखी घालव.