रेक्याविकची नावांची वॉकिंग टूर: आडनाव शोधत बसू नका

आइसलँडला गेलो तेव्हा रेक्याविकमध्ये ही दोन तासांची पायी टूर केली, विषय एकच, तिथली नावं. मला तर धबधब्यांपेक्षा हीच जास्त आवडली.

सुरुवातीलाच हजेरी घेताना गाइडताईंनी सगळ्यांना नुसत्या पहिल्या नावाने हाक मारली, आणि म्हणाल्या इथे डॉक्टर असो, शिक्षक असो की राष्ट्राध्यक्ष, असंच बोलवायचं, त्यात कुणाचा अपमान वगैरे नसतो. फोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावानेच लावलेली असायची.

मग आइसलँडच्या स्वातंत्र्य चळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांच्या पुतळ्यापाशी नेलं. सिगुर्दसन हे आडनाव नाहीच, वडील सिगुर्दुर म्हणून सिगुर्दसन (सन म्हणजे मुलगा), म्हणजे आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच पण ते शेवटी, आणि पुढे काही नाही. मुलगी असेल तर डोत्तिर. हे डोत्तिर आणि संस्कृतातलं दुहिता एकाच मुळातले, हे मला आधीपासून माहीत होतं पण तिथे उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला. वडिलांच्या नावाला विभक्तीपण लागते बरं का, १९८० साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस यांचे वडील फिन्बोगी, म्हणून त्या फिन्बोगाडोत्तिर. आईचं नावही लावता येतं, आणि २०१९ च्या कायद्यापासून स्वतःला पुरुष किंवा स्त्री न मानणारे लोक सन-डोत्तिरऐवजी 'बुर' लावू शकतात.

खरी आडनावं अगदी थोड्या घराण्यांत आहेत, आइसलँडचे पहिले मंत्री हान्नेस हाफस्टाइन यांचं तसं, पण १९२५ च्या कायद्याने नवीन आडनाव घ्यायला बंदी आली.

सगळ्यात भारी भाग जुन्या कब्रस्तानातला. तिथे योन आणि त्यांची बायको इंगिब्यर्ग यांची कबर आहे, ते सिगुर्दसन, त्या एइनार्सडोत्तिर, लग्न झालं म्हणून नाव बदललं नाही कारण ती तर एइनारचीच मुलगी ना! आई, वडील, मुलगा, मुलगी अशा चौघांच्या घरात चार वेगळी शेवटची नावं असू शकतात, त्यामुळे कुणी वेगवेगळी नावं सांगितली तर हे एक कुटुंब नाही असं समजू नका.

एक स्टार कापला कारण नावांच्या समितीचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला, तोही वाऱ्यात, ग्रुप मोठा आणि माइक नाही. १९९१ पासूनची ही समिती नवीन नाव भाषेच्या व्याकरणात बसतं का ते बघते, आणि २०१३ मध्ये एका मुलीला ब्लाइर म्हणजे 'झुळूक' हे स्वतःचं नाव कोर्टात जाऊन मिळवावं लागलं, यावर मला अर्धा तास ऐकायचं होतं! तुम्ही गेलात तर हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा, आणि पुढे, गाइडच्या जवळ चाला.